खोटा मोडेम, दुसरा मजला

४ नोव्हेंबर, मंगळवार

मामाने आज ही वही दिली. प्रत्येक पानावर छापलंय: काट्याचा नंबर, तक्रार काय, केलं काय. म्हणाला, "तुला जे बोलायचं असतं ना, ते हिच्या मागच्या पानांवर लिहीत जा. गिऱ्हाइकाला ऐकवू नकोस."

निमित्त रद्दीवाल्याचं. त्याची तक्रार होती की काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवायला लागलाय. मी तपासला आणि म्हटलं, "आत्तापर्यंत दोनशे कमी दाखवत होता. आता बरा झालाय." खरं बोललो. तो काटा काखेत मारून निघून गेला, आणि मामाने हसू दाबत मला झापलं.

मामा वजनकाटे दुरुस्त करतो. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून, म्हणजे सात महिने, त्याच्याकडे आहे. (कॉलेजचं म्हणणं, कॉलेजने मला सोडलं. तपशिलाचा मुद्दा आहे.) तिसऱ्या वर्षाला लॅबच्या सरांनी माझा प्रोग्रॅम बघून सगळ्या वर्गासमोर विचारलं, "याचा उपयोग काय?" मी त्यांचा हजेरीपट खिडकीतून खाली फेकला आणि विचारलं, "आणि याचा?" प्रश्न बिनतोड होता. खिडकी चुकली. खाली प्राचार्य उभे होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्या प्रोग्रॅमचा उपयोग काय, ते वहीला तरी कळू दे.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी काही वेड्या लोकांनी घरात ‘बोर्ड’ चालवले. एक कॉम्प्युटर, त्याला एक मोडेम, त्याला घरचा फोन. बाहेरच्याने फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला ठेवायचा, एखादी फाइल घ्यायची, फोन ठेवायचा. मग दुसऱ्याने. एकावेळी एकच पाहुणा. असे अकरा बोर्ड अजून जिवंत आहेत, आणि त्यांचं मिळून एक जाळं आहे. मी त्यातला सगळ्यात लहान वेडा.

अडचण अशी की ही जुनी मशीनं फोनशिवाय दुसरं काही ओळखत नाहीत, आणि त्या जातीच्या फोनलाइनी आता उरल्या नाहीत. तिथे माझा खोटा मोडेम येतो. तो मशीनला सांगतो, "हो हो, फोन वाजतोय, घ्या, पाहुणे आले." मशीन भाबडेपणाने फोन उचलतं. प्रत्यक्षात पाहुणा इंटरनेटवरून आलेला असतो, टेलनेट नावाच्या जुन्या रीतीने. थोडक्यात, मी एक खोटारडा दुभाषा लिहिलाय. तो सोडून मला कुठे खोटं बोलता येत नाही, म्हणून तर ही वही.

आणि काल जाळ्यावर एक निरोप आला: "बाबांचा जुना बोर्ड अजून चालू होतो. मोडेम नाही. त्यातली एक फाइल हवी आहे. कोणी मदत कराल का?"

मी उत्तर दिलं तेव्हा बाई आहे की बुवा, हेही माहीत नव्हतं. ही गोष्ट पुढे कोणी मान्य करणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाई आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. इथून बसने आठ तास. मी तिला साबणाच्या वडीएवढा एक कॉम्प्युटर पाठवला, त्यात खोटा मोडेम भरून, आणि सोबत मामाच्या दुकानातली काट्याची वायर दोन्ही टोकांना नव्या पिना लावून. मामा म्हणाला, "वायर कुठे चालली?" म्हटलं, "गिऱ्हाईक आहे." म्हणाला, "गिऱ्हाइकासाठी तू वायर पुसून कधी दिलीस?"

जोडणी करताना तासभर फोनवर होतो. तिचा आवाज असा, की समोरच्याला वाटावं आपल्यालाच नंबर लागलाय.

"लाल वायर वर की खाली?"

"लाल वायरच नाहीये. सगळ्या करड्या आहेत."

"अगं बाई," ती म्हणाली, "मला वाटलं माझेच डोळे गेले."

जाळ्यावर माझं नाव ‘ठिणगी’ आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे वायरिंग जुनं आहे, जरा जपून."

त्यांच्या बोर्डाचं नाव ‘दुसरा मजला’. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यांनी अकरा वर्षं चालवला. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. फाइल आहे ती त्यांच्या आवाजाची, बोर्डवर येणाऱ्यांच्या स्वागताची. मी विचारलं, दुसरं काहीच नाही? तर म्हणाली, "घरातले सगळे व्हिडिओ बाबांनीच काढलेत. त्यात आम्ही सगळे आहोत. बाबा फक्त ‘इकडे बघ’ एवढंच."

मशीनची डिस्क आता कुरकुरते. बंद केली तर परत फिरेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून ती चालूच आहे, बाबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर. पडद्यावरची हिरवी अक्षरं ते बघत बसतात. कळत काय असेल, देव जाणे. बिचारे.

फाइल मी काढून देणार. माझ्या मोडेममधूनच. लॅबच्या सरांना निमंत्रण नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. मामा पोत्यांच्या मोठ्या काट्यावर सतरंजी टाकून झोपतो (झोपेत त्याचं वजन एकाहत्तर पॉइंट चार), आणि मी दुसऱ्या मजल्यावर जातो. ती तेव्हा दुकानात, लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावत असते.

अकरा वर्षांचे निरोप आज सगळे उतरवून घेतले. ते साधं लिखाण, सरळ आलं. एकही अक्षर हललं नाही. उद्यापासून आवाजाची फाइल.

या जोडणीत एक फार सुंदर गोष्ट आहे. मी जे अक्षर दाबतो, ते मला लगेच दिसत नाही. ते आधी तिच्या घरी जातं, तिथलं मशीन ते घेतं, आणि परत माझ्याकडे पाठवतं. तेव्हा कुठे ते माझ्या पडद्यावर उमटतं. म्हणजे माझं प्रत्येक अक्षर तिच्या घरात पाऊल ठेवून येतं. कवी लोकांना हे सुचलं नाही, कारण कवी लोकांनी टेलनेट वाचलेलं नाही.

त्या आनंदात तिच्या नावाने निरोप लिहायला घेतला. म्हटलं लिहून तर बघू. ‘तुझा आवाज ऐकल्यापासून माझा एकही काटा शून्यावर येत नाही’ असं सुरू केलं आणि चाळीस ओळी लिहिल्या. मग वाचलं. मग एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसलं. ‘ठेवा’चं बटण दाबलं नाही, म्हणजे निरोप झालाच नाही. कोणी पाहिलं नाही, कोणाला कळलं नाही. देव पावला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फाइल चौतीस टक्क्यांवर तुटली. परत लावली. चौतीस. तिसऱ्यांदा. चौतीस. त्यांची लाइन भिकार आहे. तिला तसं कळवलं, शब्द बदलून.

निराशेत पुन्हा एक पत्र लिहिलं, पुन्हा पुसलं.

संध्याकाळी तिचा निरोप: "लाइनवाल्याला बोलावलं आहे. आणि एक गंमत. परवा दुपारी बाबा हसले. शेजारच्या काकू सांगत होत्या, पडद्याकडे बघत एकटेच हसत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. आजही."

हिरव्या अक्षरांचा परिणाम. जुना माणूस, जुनं मशीन परत चालू झालेलं बघून कळी खुलली असेल. माझ्या मोडेमचा आणखी एक उपयोग. सरांनी नोंद घ्यावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लाइनवाला म्हणतो लाइन ठणठणीत आहे. लाइनवाले दुसरं काय म्हणणार?

चौतीस टक्के.

आता या कहाणीत एक सद्गृहस्थ शिरलेत. जाळ्याचा पोस्टमास्तर. अकराही बोर्डांचं टपाल रोज त्याच्या मशीनकडे जातं आणि तिथून वाटलं जातं, म्हणून हे नाव. मशीन जे काम आपोआप करतं त्याचं श्रेय हा घेतो. त्याचं मला पत्र: "आपला प्रोग्रॅम उत्तम आहे. फक्त एक बारीक गोष्ट सुचवावीशी वाटते..."

तिथेच थांबलो. ‘बारीक गोष्ट सुचवावीशी वाटते’ असं सुरू होणारं पत्र पुढे वाचायचं नसतं, हे मी कॉलेजात शिकलो. तेवढंच शिकलो. पुढे तीन पानं होती. माणूस नोकरी करतो की नाही?

आणि ती लिहिते, "त्यांचं पत्र आलं का? ते किती समजावून लिहितात ना?"

हो. फार समजावून. शुद्धलेखनासकट. आपला, नम्र, कळावे, लोभ असावा. असल्यांचा केस कधी विस्कटत नाही. इस्त्रीचा शर्ट, पातळ फ्रेमचा चष्मा, तोही तिच्याच दुकानातला. मला माणूस पडद्याआडून दिसतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चौतीस टक्के.

आजचं पत्र सगळ्यात जमलं होतं, म्हणून पुसताना जीव तुटला. पोस्टमास्तरवर एक अख्खा परिच्छेद होता: ‘वेलांटी बरोबर देतो म्हणून कोणाशी संसार होत नाही.’ मग मुद्द्यावर आलो: ‘मी तुझ्या बाबांना रीतसर विचारीन. लोक घाबरतात की मुलीचा बाप नाही म्हणेल. मला ती भीती नाही. तुझ्या बाबांना बोलताच येत नाही, ते नाही म्हणणार कसे?’

लिहिलं आणि लाज वाटली. विनोद वाईट होता. खरं तर वाईट नव्हता, दुष्ट होता. आधी तेच वाक्य पुसलं, मग बाकीचं.

सतरंजीवरून मामाने डोळे न उघडता विचारलं, "तासभर टक टक, टक टक. नक्की काय लिहितोस?"

"काही नाही."

"मग काही नाही ते इतका वेळ का पुसतोस?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

तिचा फोन! निरोप नाही, फोन. काल दुपारी बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. काकू घाबरल्या, डॉक्टरना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, जे काय चाललंय ते चालू ठेवा.

"दोन वाजले की डावा हात आपटतात, खुर्ची मशीनकडे वळवा म्हणून. आणि काल तर हसता हसता कीबोर्ड मांडीवर ओढला. काकूंनी काढून घेतला. तुला काय वाटतं, का करत असतील?"

तुला! ‘तुम्हाला’ नाही. पुढचं अर्धं मिनिट मी ऐकलंच नाही.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "अगं, मग फाइल तुटते ती त्याचमुळे! ते मधेच काहीतरी बटण दाबत असणार. कीबोर्ड त्यांच्यापासून लांब ठेव. कपाटावर ठेव."

ती म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर."

शेवटी घोडं कुठे अडलं ते सापडलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कीबोर्ड कपाटावर. चौतीस टक्के.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डिस्क आता कुरकुरत नाही, टकटकते. तिने फोन मशीनजवळ धरून ऐकवलं. दातांवर दात आपटल्यासारखा आवाज. चार दिवस, आठ दिवस, कोणी सांगावं.

ती म्हणाली, "पोस्टमास्तर पुढच्या शनिवारी येतायत. मशीन उघडून डिस्कच बाहेर काढतील. ते म्हणतात निम्मी शक्यता आहे. नाहीतर सगळंच जाईल."

"मग कशाला येतोय तो?"

"कारण तुझं चौतीसच्या पुढे जात नाहीये."

हे ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

एकोणतीस तारीख. त्याच्या आत फाइल आली पाहिजे. नाहीतर तो इस्त्रीवाला तिच्या घरी जाणार, बाबांच्या खोलीत बसणार, चहा पिणार, आणि माझ्या वायरीला हात लावणार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी एक पत्र पुसलं नाही.

चौतीस टक्क्यांवर अकराव्यांदा तुटल्यावर डोकं फिरलं. जाळ्याच्या जाहीर फलकावर लिहिलं की आमच्या जोडणीत कोणीतरी मुद्दाम हात घालतंय, ते कोण हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना स्वतः काही लिहिता येत नाही ते दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बारीक गोष्टी सुचवतात. ‘ठेवा’ दाबलं. मोडेमने इमानेइतबारे अकरा बोर्डांवर पोचवलं. एकही अक्षर न हलता. गरज नसते तेव्हा कसं सगळं सुरळीत जातं बघा.

तिचा निरोप रात्रीच्या जेवणाआधी आला: "त्यांनी तुला मदत करायला पत्र लिहिलं होतं. तू ते वाचलंस तरी का? फाइलचं राहू दे आता. शनिवारी ते येतायत. आणि कीबोर्ड मी बाबांना परत दिला. तो त्यांचाच आहे."

२६ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. रद्दीवाला परत आला. दुसऱ्या दुकानातही काट्याने तेच वजन दाखवलं. मला म्हणाला, "तुझं बरोबर होतं, पण तू बोलतोस वाईट."

मामा म्हणाला, "तुझं अर्धं बरोबर असतं ना, तोच घोटाळा आहे." मग नवा काटा लावताना नेहमीसारखं आधी रिकामं पारडं बघितलं. "दुसऱ्याचं माप काढायच्या आधी आपला शून्य बघायचा. सात महिन्यांत एवढं एक तरी शीक."

मी म्हटलं, माझा शून्य बरोबर आहे. तो म्हणाला, "बघितलास?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमाने लिहितो.

दोन वाजता शेवटचं म्हणून दुसऱ्या मजल्यावर गेलो. फाइल लावली नाही. निरोपाचं पत्र लिहायला घेतलं, अर्थात पुसण्यासाठी. ‘तू त्या पोस्टमास्तराशी लग्न कर, सुखी राहा’ इथवर आलो, आणि पडद्यावर मधोमध एक रेघ उमटली. खाली: बोर्डचालक बोलू इच्छितो.

मला वाटलं ती लवकर घरी आली.

एक अक्षर आलं. मग काहीच नाही. मग दुसरं. तिसरं चुकलं, पुसलं, परत आलं. रोमन अक्षरांत मराठी, जुन्या लोकांची पद्धत. एक ओळ पुरी व्हायला दोन मिनिटं लागली:

पोस्टमास्तर ६७ वर्षांचा आहे.

पुढची ओळ:

माझा मित्र. लग्न झालेलं आहे.

मी टाइप केलं, "काका?"

हो.

"तुम्ही हे वाचताय?"

पहिल्या दिवसापासून.

आणि तेव्हा मला ते कळलं, जे मीच या वहीत सोळा दिवसांपूर्वी लिहून ठेवलंय. मी दाबलेलं प्रत्येक अक्षर आधी तिकडे जातं. मला माझ्या पडद्यावर ते दिसतं, याचाच अर्थ ते तिकडे पोचलेलं असतं. आणि बोर्डचालकाच्या पडद्यावर पाहुणा काय लिहितो ते सगळं दिसतं. पुसलेलं तर दोनदा दिसतं, एकदा येताना, एकदा जाताना. ‘ठेवा’ दाबलं नाही म्हणून मी निर्धास्त! म्हणजे कोणाच्या दारात उभं राहून तासभर ओरडायचं आणि बेल वाजवली नाही म्हणून कोणाला कळलं नाही समजायचं. हा खोटा मोडेम मी स्वतः लिहिलाय.

शून्यावर न येणारे काटे. वेलांटी. आणि ते वाक्य. ते नाही म्हणणार कसे.

मी लिहिलं, "काका, मला माफ करा. ते वाक्य..."

त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. बोर्डचालकाला तो अधिकार असतो.

ते राहू दे. आधी काम. २५५ दोनदा पाठवतोस का?

मी विचारलं, म्हणजे?

मग पंधरा मिनिटं ते एका बोटाने लिहीत होते. मी मधे एकदाही बोललो नाही, हा माझा विक्रम. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. टेलनेटमध्ये २५५ हा आकडा म्हणजे ‘लक्ष दे, आता हुकूम येतोय’ अशी खूण. पण फाइलमध्येच २५५ आला तर? तर तो दोनदा पाठवायचा, म्हणजे समोरच्याला कळतं, हा हुकूम नाही, माल आहे. एकदाच पाठवला तर समोरचा हुकमाची वाट बघतो, आणि पुढचं सगळं विस्कटतं. साध्या लिखाणात २५५ कधी येत नाही, म्हणून निरोप सगळे आले. आवाजाच्या फाइलमध्ये येतो. आवाज सगळ्यात चढतो, तिथे.

मी माझा प्रोग्रॅम उघडला. दोनदा पाठवायची ओळच नव्हती. कधीच नव्हती. लाइन ठणठणीत होती. कीबोर्डचा संबंध नव्हता. पोस्टमास्तर तर बिचारा बसला असेल नातवंडं सांभाळत.

तीन ओळी घातल्या, इकडे आणि तिकडच्या साबणाच्या वडीत. परत फोन लावला, खोटा. फाइल लावली.

बत्तीस. तेहतीस. चौतीस.

पस्तीस.

मी इतक्या जोरात ओरडलो की मामा काट्यावरून उठला. वजन शून्य झालं.

ती दुकानातून यायच्या आधी फाइल तिला पाठवून दिली, पण त्याआधी मी ऐकली. लिहितोच. तरुण, खणखणीत आवाज: "नमस्कार! दुसरा मजला. जिन्याने या, लिफ्ट नाही. आलाच आहात तर निरोप ठेवा, आणि..." मधेच एक लहान मुलगी विचारते, "बाबा, कोण आलंय?"

"अजून कोणी नाही."

"मग तू कोणाशी बोलतोयस?"

आणि तो माणूस हसायला लागतो. असा हसतो की आवाज फाटतो. ते चौतीस टक्के. अकरा वेळा मी त्या हसण्याच्या दारात जाऊन परत आलो होतो.

सहा वाजून गेल्यावर तिचा फोन आला. ती काही बोलली नाही. मागे ती फाइल लागली होती, ते हसणं ऐकू येत होतं. आणि त्याच्या पलीकडे, खोलीतच, दुसरं एक हसणं. एका बाजूने ओघळलेलं, खरखरीत. पण तेच.

मीही काही बोललो नाही. वहीत नोंद असावी.

हो, एक राहिलं. दुपारी फाइल उतरून झाल्यावर त्यांनी शेवटच्या चार ओळी लिहिल्या होत्या. मी जशाच्या तशा उतरवून घेतो.

नाही म्हणायला एक बोट पुरतं.

अजून म्हटलेलं नाही.

पण मला सांगून काय उपयोग? माझं पाठ झालं.

तिला सांग.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पोस्टमास्तरचं पत्र वाचलं. तिन्ही पानं. पाचवी ओळ: "२५५ हा आकडा आपण दोनदा पाठवता ना, तेवढं कृपया पाहावे." बाकी अडीच पानं गुडघेदुखी आणि नात. जाहीर फलकावर माफी मागितली. त्यांचं उत्तर तासाभरात: "आपल्या वयात मीही असेच लिहीत असे. कळावे." शनिवारी ते जाणारच आहेत, मित्राला भेटायला. फाइल उतरल्याची वार्ता ऐकून म्हणाले, आता डिस्क गेली तरी चालेल, आता नुसता चहा.

मामाला सगळं सांगितलं. त्याने सतरंजी झटकली. मग म्हणाला, "म्हणजे तू अडीच आठवडे रोज मुलीच्या बापाला प्रेमपत्रं लिहीत होतास."

"हो."

"आणि तो म्हातारा त्यानेच बरा झाला." मग काट्यावर आडवा झाला. "औषध म्हणून चालू ठेव."

दोन वाजता दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिच्या नावाने निरोप उघडला. चाळीस ओळींचा माणूस मी, पण आज समोर कोण बसलंय ते माहीत होतं. पाऊण तासात एक ओळ झाली. ती इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली.

वाचून बघितली. बालिश वाटली. बोट सवयीने मागे घेण्याच्या बटणावर गेलं.

तेवढ्यात ती रेघ. बोर्डचालक बोलू इच्छितो. सावकाश, एकेक अक्षर:

पुसू नको.

मी ‘ठेवा’ दाबलं.

मग चार ते सहा मी तीन काटे दुरुस्त केले, त्यातले दोन बिघडलेले नव्हते.

सहा वाजून वीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "ओळ दिसली. स्पष्ट. पण बाबा म्हणतात तू अडीच आठवडे लिहीत होतास. अडीच आठवड्यांत एकच ओळ?"

मी लिहिलं, "बाकीचं काकांना विचार. त्यांचं पाठ आहे."